दहा डॉलरचा मायक्रोचेस ते शंभर युरोचा फॅट फ्रिट्झ

बुद्धिबळ खेळणारं जगातलं सगळ्यात ताकदवान सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. स्टॉकफिश त्याचं नाव. शिबिराला येणारी तिसरी-चौथीतली पोरंसुद्धा आता "सर, इंजिन काय म्हणतंय?" असं विचारतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा हेच इंजिन असतं. पण हेच इंजिन थोडा फेरबदल करून ९९.९० युरोला, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेआठ-नऊ हजार रुपयांना विकलं गेलं आणि प्रकरण जर्मनीतल्या कोर्टात पोचलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. बुद्धिबळाच्या पानावर आलं तर आलं, नाहीतर नाही, अशी ती बातमी होती. मला ती तेव्हापासून डोक्यात बसलीय, कारण तो प्रश्न फक्त बुद्धिबळाचा नाही. ती कळायची तर पन्नास वर्षं मागे जावं लागेल. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

संगणकाने बुद्धिबळ कसं खेळावं याचा पाया १९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने एका लेखात घातला. कल्पना साधी आहे. मी ही चाल केली तर समोरचा काय करेल, त्यावर मी काय करेन, अशी झाडाच्या फांद्यांसारखी पुढची पुढची स्थिती मांडत जायचं. प्रत्येक फांदीच्या टोकाला हिशेब करायचा : वजीर नऊ गुणांचा, हत्ती पाच, उंट-घोडे तीन-तीन, प्यादं एक. वर राजा किती सुरक्षित, मधली घरं कुणाच्या ताब्यात, असले अधिक-उणे गुण. मग समोरचा आपल्याला सगळ्यात वाईट पडेल तीच चाल करणार हे धरून त्यातल्या त्यात बरी चाल निवडायची. पुढे एक युक्ती निघाली. एखाद्या चालीला समोरच्याकडे एक जरी जबर उत्तर सापडलं, तर त्या चालीची पुढची चौकशी तिथेच थांबवायची. वकील मंडळी जसं एका मुद्द्यावर केस पडतेय म्हटल्यावर उरलेले मुद्दे वाचत बसत नाहीत, तसं. या छाटणीमुळे वेळ प्रचंड वाचतो. नंतरची कितीतरी वर्षं जी इंजिनं विकली गेली, त्यांचा सांगाडा हाच होता. फरक पडायचा तो हिशेबाच्या बारकाव्यात आणि छाटणी किती हुशारीने केली यात. म्हणजे मसाला तोच, हात वेगळा.

साठ-सत्तरच्या दशकात हे सगळं विद्यापीठांच्या नि मोठ्या कंपन्यांच्या खोलीएवढ्या यंत्रांवर चालायचं. स्कॉटलंडच्या डेव्हिड लेव्ही या बुद्धिबळपटूने १९६८ साली पैज लावली होती की दहा वर्षांत एकही संगणक मला सामन्यात हरवणार नाही. १९७८ साली टोरांटोला त्याने ती जिंकली. पण त्याच टोरांटोत दोन वर्षं आधी एका माणसाने वेगळंच काहीतरी करून ठेवलं होतं, आणि धंद्याची सुरुवात तिथून होते.

त्याचं नाव पीटर जेनिंग्ज. त्याच्याकडे किम-वन नावाचा एका पाटीवरचा संगणक होता. ना टीव्हीसारखा पडदा, ना आजच्यासारखा कीबोर्ड. सहा लाल आकडे दाखवणारी एक पट्टी आणि कॅल्क्युलेटरसारखी बटणं. मेमरी साधारण एक किलोबाइट. कल्पना यावी म्हणून सांगतो, या पोस्टचा जो परिच्छेद तुम्ही आत्ता वाचताय, तो एकटासुद्धा त्या मेमरीत मावणार नाही. जेनिंग्जने तेवढ्यात बुद्धिबळ बसवलं. खेळ कच्चा होता. संगणक स्वतःहून किल्लेकोट करत नसे. चाल कळायची ती पट्टीवरच्या आकड्यांवरून. पट आणि मोहरी तुम्ही टेबलावर मांडून ठेवायची. पण तो खेळायचा. १९७६ च्या डिसेंबरात त्याने मायक्रोचेस विकायला काढला, किंमत दहा डॉलर. घरगुती संगणकासाठी विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या खेळांपैकी हा एक. किम-वन बनवणाऱ्या कंपनीकडून सगळे हक्क हजार डॉलरला देतोस का, अशी विचारणा त्याला झाली होती. तो नाही म्हणाला. बरं झालं. पुढे तो डॅन फिलस्ट्रा यांच्या पर्सनल सॉफ्टवेअर कंपनीत भागीदार झाला, मायक्रोचेस तिथून हजारोंनी खपला आणि त्यातून आलेल्या पैशाचा हातभार व्हिजिकॅल्क नावाच्या नव्या प्रोग्रामला लागला. व्हिजिकॅल्क म्हणजे घरगुती संगणकावरचं पहिलं स्प्रेडशीट, आजच्या एक्सेलचा आजोबा. पतपेढीत, सोसायटीत, ग्रामपंचायतीत आज जे रकाने भरले जातात, त्याच्या खानदानात एक बुद्धिबळाचा खेळ आहे!

त्याच सुमारास, १९७७ मध्ये, शिकागोची फिडेलिटी इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी या बाजारात उतरली. तिचा मूळ धंदा श्रवणयंत्रांचा. तिने चेस चॅलेंजर नावाचा नुसता बुद्धिबळ खेळणारा डबा काढला. पहिल्या मॉडेलमध्ये पटाच्या उभ्या आणि आडव्या ओळींची नावंच उलटसुलट छापली गेली होती. म्हणजे बुद्धिबळाच्या यंत्राला पटच नीट माहीत नाही! तरी तो खपला. का खपला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बुद्धिबळाला समोर माणूस लागतो. गावात बरोबरीचा खेळाडू नसेल, रात्रपाळी असेल, घरात कुणाला आवड नसेल, तर पट तसाच धूळ खात पडतो. या डब्याने ताकद विकली नाही, सोबत विकली. ताकदीची भाषा नंतर आली, स्पर्धा सुरू झाल्यावर.

ती आणली डॅन आणि कॅथ स्प्रॅक्लन या नवरा-बायकोने. कॅलिफोर्नियातल्या या जोडप्याने घरच्या संगणकावर सार्गॉन नावाचा प्रोग्राम लिहिला आणि १९७८ साली तिथल्या संगणक मेळ्यातली स्पर्धा जिंकली. मग त्यांनी आजच्या कंपन्यांना वेडेपणा वाटेल असं काम केलं. सगळाच्या सगळा कोड पुस्तकरूपाने छापला. कुणीही विकत घ्यावं, ओळ न् ओळ वाचावी, शिकावं. नंतर फिडेलिटीने दोघांना आपल्याकडे घेतलं आणि १९८० साली लंडनला झालेली छोट्या संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा फिडेलिटीच्या यंत्राने जिंकली.

ऐंशीचं दशक या डब्यांचं. हाँगकाँगमध्ये नोव्हॅग आणि सायटेक, जर्मनीत म्युनिकची हेगेनर अँड ग्लेझर. म्युनिकवाल्यांच्या यंत्राचं नाव मेफिस्टो. लाकडी पट, खाली सेन्सर, मोहरं उचललं की त्याला कळतं. त्यांच्या मॉडेलांची नावं ऐका : ॲमस्टरडॅम, डॅलस, रोमा, अल्मेरिया, पोर्तोरोझ, ल्योन. जागतिक स्पर्धा ज्या शहरात झाली, त्या शहराचं नाव मॉडेलला. ओळीने इतकी वर्षं या यंत्रांत बसलेला मेंदू एकाच माणसाचा होता, रिचर्ड लँग नावाच्या इंग्रज प्रोग्रामरचा. जाणकारांना ते माहीत असायचं. "लँगचा आहे का?" एवढं विचारून लोक पैसे काढायचे. आपल्याकडे तबला घेताना पुडी कुणाच्या हातची आहे हे विचारतात, तसाच प्रकार.

या धंद्यात फसवाफसवीही भरपूर. स्पर्धेत उतरवलेलं यंत्र बऱ्याचदा दुकानातल्या यंत्रापेक्षा जास्त वेगाच्या प्रोसेसरवर पळायचं. जाहिरातीत मात्र जगज्जेता असा शिक्का. याचा बंदोबस्त सरकारने केला नाही, गिऱ्हाइकांनी केला. स्वीडनमधल्या हौशी लोकांनी आपली संघटना काढली आणि दुकानात मिळणारीच यंत्रं समोरासमोर बसवून हजारो डाव खेळवले. कोणत्या यंत्राची खरी ताकद किती, याची यादी ते छापू लागले. ती एसएसडीएफची यादी पुढे जगभर प्रमाण मानली गेली. आपल्याकडच्या ग्राहक पंचायतीच्या जातीचं काम. जाहिरातदारावर न चालणारं मोजमाप काय करू शकतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला पत्रकारितेतसुद्धा क्वचित दिसलंय.

मग घरोघर पीसी आले आणि डबे मागे पडले. १९८६ साली चेसमास्टर २००० बाजारात आला. खोक्यावर पांढऱ्या दाढीचा, जादूगारासारखा दिसणारा म्हातारा. माझ्या वयाच्या वाचकांना तो नक्की आठवेल. आपल्याकडे या खेळाच्या पुढच्या आवृत्त्या बहुतेक पायरेटेड सीडीवरूनच पोचल्या. सगळ्यांना म्हातारा आठवतो, पण आतलं इंजिन डेव्हिड किटिंजर या माणसाने लिहिलं होतं हे कुणाला आठवत नाही. म्हातारा मॉडेल होता! इथून एक गोष्ट बदलली. खोक्यावरचं नाव आणि आतल्या कामाचं नाव यांची फारकत झाली. पुढच्या भानगडीचं बी मला तिथं दिसतं.

याच काळात हॅम्बुर्गमध्ये चेसबेस कंपनी उभी राहिली. तिच्याबद्दल पुढे कडू लिहायचंय, म्हणून आधी चांगलं लिहितो, कारण ते तितकंच खरं आहे. माथियास व्ह्युलेनवेबर आणि फ्रेडरिक फ्रीडेल यांनी डावांची डेटाबेस बनवली. तोवर प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव शोधायचे म्हणजे मासिकं चाळायची, वह्या-कार्डं ठेवायची; त्यात सोव्हिएत खेळाडूंमागे अख्खी यंत्रणा उभी असायची. कास्पारोव्ह १९८५ साली हॅम्बुर्गच्या आठ जणांशी एकाच वेळी खेळला आणि साडेतीन-साडेचार असा हरला. १९८७ मध्ये चेसबेसवर तयारी करून पुन्हा त्याच संघाशी बसला आणि ७-१ ने जिंकला. ज्या देशात ग्रँडमास्तरांची फौज नाही, छापील साहित्य वेळेवर पोचत नाही, त्या देशातल्या पोरांना या डेटाबेसने एका उडीत बरोबरीला आणलं. भारतात आनंदच्या मागून जी पिढी आली, तिच्या तयारीत याचा वाटा आहे. आज मुंबईतून सागर शहा आणि अमृता मोकल चेसबेस इंडियाच्या नावाने जे काम करतात, त्यामुळे आपल्या छोट्या गावातल्या पोरांच्या विजयाचीसुद्धा दखल घेतली जाते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

चेसबेसचं खेळणारं इंजिन म्हणजे फ्रिट्झ, १९९१ चं, लिहिणारा हॉलंडचा फ्रान्स मोर्श. आणि आता दुकानातल्या माल विरुद्ध जगज्जेता अशी लढाई सुरू झाली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या जलद स्पर्धेत रिचर्ड लँगच्या चेस जीनियसने पेंटियम संगणकावरून कास्पारोव्हला दीड-अर्धा असं हरवून स्पर्धेबाहेर काढलं. पुढच्या फेरीत निकोलिचला काढलं. उपांत्य फेरीत समोर आला आपला विश्वनाथन आनंद, आणि त्याने त्याच यंत्राला २-० ने झोपवलं. (हे आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं माझं प्रामाणिक मत.) चार वर्षांनी, १९९८ मध्ये, एड श्रोडरच्या रेबेल १० ने आनंदलाही ५-३ हरवलं, त्यातसुद्धा वेळ भरपूर असलेल्या दोन डावांत आनंदच सरस होता, यंत्राने मारलं ते झटपट डावांत.

१९९७ चा डीप ब्ल्यू सगळ्यांना माहीत आहे, पण तो विकायला नव्हताच. आयबीएमने कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं, जाहिरात झाली, यंत्र बंद केलं. सामान्य माणसाच्या हातात जे होतं त्याचा सामना २००२ मध्ये बहारीनला झाला : क्रॅमनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ, ४-४ बरोबरी. २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ ४-२ ने जिंकला. त्यातल्या दुसऱ्या डावात जगज्जेत्या क्रॅमनिकला एका चालीतली मात दिसली नाही. दुकानात मिळणारा प्रोग्राम जगज्जेत्यावर मात करतो म्हटल्यावर माणूस-यंत्र सामन्यांत काही राम उरला नाही.

आणि इथेच धंद्यापुढे खरी अडचण आली. गिऱ्हाईक आधीच हरतंय, मग त्याला आणखी ताकद कशाला विकणार?

दरम्यान फ्रान्सच्या फॅबियन लेटूझीने २००५ मध्ये आपल्या फ्रूट या अत्यंत नेटक्या इंजिनाचा कोड खुला केला. त्याच वर्षाच्या शेवटी वासिक रायलिचचा रिब्का आला. रिब्का म्हणजे चेक भाषेत छोटा मासा. या छोट्या माशाने सगळे मोठे मासे गिळले. व्यापारी इंजिनांत काही वर्षं त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. २०११ मध्ये संगणक-बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने निकाल दिला की रिब्कात फ्रूट आणि क्राफ्टी या इंजिनांतून उचल झाली आहे. २००७ ते २०१० ची चारही जगज्जेतेपदं काढून घेतली, आजन्म बंदी घातली. रायलिचने आरोप नाकारला. २०१५ साली फिडेच्या नीतिमत्ता आयोगाने आजन्म बंदीच्या शिक्षेवर आक्षेप घेतला. जाणकारांत या निकालावर आजही दोन तट आहेत. कल्पना घेणं कुठे संपतं आणि कोड उचलणं कुठे सुरू होतं, हा वाद सोपा नाही. सगळेच शॅननचे नातू आहेत.

स्टॉकफिशच्या बाबतीत मात्र असा धूसरपणा नाही. २००८ मध्ये नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडच्या ग्लाउरुंग या खुल्या इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने ते सुरू केलं. स्टॉकफिश म्हणजे सुकवलेला कॉड मासा. नॉर्वेत वाऱ्यावर सुकवतात, इटलीत शिजवून खातात, म्हणून हे नाव. आपल्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालतात, तेच दृश्य. २०१३ पासून त्याची तपासणी जगभरचे लोक करतात. कुणी सुधारणा सुचवली की हजारो डाव खेळवून बघायचं, आणि त्यासाठी स्वयंसेवक आपापल्या घरचे संगणक, आपल्या विजेच्या बिलावर, चालू ठेवतात. श्रमदानच आहे हे. २०२० मध्ये त्यात लहानसं न्यूरल नेटवर्क बसवलं, म्हणजे शेवटी जो गुणांचा हिशेब व्हायचा, तो माणसाने लिहिलेल्या नियमांऐवजी शिकलेल्या जाळ्याने करायचा. ही युक्ती जपानी बुद्धिबळाच्या, शोगीच्या, प्रोग्रामरांकडून आली.

या सगळ्या कामावर एकच अट आहे, जीपीएल परवान्याची. घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला कोड मिळाला पाहिजे, आणि तुम्हाला जे स्वातंत्र्य मिळालं तेच त्यालाही मिळालं पाहिजे. बास.

२०२१ च्या फेब्रुवारीत चेसबेसने फॅट फ्रिट्झ २ काढलं. किंमत सुरुवातीला सांगितली तीच. आत स्टॉकफिशचं इंजिन, त्यावर स्वतः तयार केलेलं नवं नेटवर्क. स्टॉकफिशच्या मंडळींचं म्हणणं, कोडमधले बदल किरकोळ आहेत आणि आपण काय विकत घेतोय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलेलं नाही. पुढे चेसबेसच्याच दुकानातलं हूदिनी ६ हे पैसे देऊन घ्यायचं इंजिनही स्टॉकफिशवरूनच बनल्याचं त्यांनी दाखवलं. त्यांनी चेसबेसचा परवाना रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी जुलैत म्युनिकमध्ये दावा लावला. विकण्याला त्यांचा आक्षेप नव्हता, हे नीट लक्षात घ्या. परवाना विकू देतोच. आक्षेप होता तो गिऱ्हाइकाचा हक्क लपवण्याला.

हे वाचताना मला आमचा धंदा आठवला. तालुक्याचा वार्ताहर स्वतःच्या पेट्रोलने पंचवीस किलोमीटर जातो, पंचनाम्याचा कागद मिळवतो, बातमी टाकतो. तासाभरात एखाद्या पोर्टलवर तीच बातमी, त्याच चुकीच्या स्वल्पविरामासकट, 'न्यूज डेस्क' या नावाने. माझं हे अनेकदा झालंय. विचारलं तर उत्तर येतं, बातमी काय तुमच्या मालकीची आहे का? नाही, मालकीची नाही. पण आम्हाला कोर्टात जायला जीपीएलसारखा कागद नाही, तो या प्रोग्रामरांनी स्वतःसाठी करून ठेवला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये समेट झाला. चेसबेसने फॅट फ्रिट्झ २ आणि हूदिनी ६ ची विक्री थांबवली, वर्षभर स्टॉकफिश असलेलं काहीही विकायचं नाही असं मान्य केलं, आणि खुल्या सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला कंपनीत खास अधिकारी नेमायचं कबूल केलं. वर्षानंतर, अटी पाळून, पुन्हा वापरायची मुभा. बदला घेण्यापेक्षा अट पाळून घेण्यावर भर होता, हे मला आवडलं.

आता आपल्याकडचं. प्ले स्टोअरवर बुद्धिबळाची शेकडो ॲप्स आहेत. त्यातल्या पुष्कळांच्या पोटात स्टॉकफिश आहे. लिचेससारखी फुकट, बिनजाहिरातीची संस्था ते उघड सांगते, कोड कुठे आहे तेही सांगते. पण सुट्टी लागली की पालकांचे मेसेज येतात, "अमुक ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ का, त्यांचं स्वतःचं एआय इंजिन आहे म्हणतात." शिकवणी, कोडी, तयार केलेले धडे, कुणाची तरी मेहनत, यांचे पैसे जरूर द्या. नुसत्या इंजिनाचे देण्याआधी ॲपमधलं 'अबाउट' किंवा 'लायसन्सेस' हे पान उघडा आणि तिथे स्टॉकफिश, जीपीएल हे शब्द दिसतात का बघा. दिसले तर कोडचा पत्ताही तिथे असायला हवा. तुम्हाला जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवा. पाच-पन्नास जमले तर त्याची बातमी करतो, नावानिशी.